हत्यार की अवजार? जंगलात न्यायच्या चाकूचा दोनशे वर्षांचा इतिहास

आजचा विषय वरवर पाहता खरेदीचा आहे. कॅम्पिंगला, बुशक्राफ्टला न्यायचा मजबूत चाकू कसा निवडायचा? बुशक्राफ्ट म्हणजे काय, तर जंगलात हाताशी असलेल्या साहित्यातून चूल, निवारा, साधीसुधी भांडी उभी करायचं कसब. आणि चाकू म्हणजे खिशातला मिटणारा नव्हे. पातं मुठीत कायमचं बसवलेलं असतं, तो. दुकानदार त्याला फिक्स्ड ब्लेड म्हणतात.

मी या प्रश्नाकडे इतिहासाच्या बाजूने जाणार आहे. त्याचं कारण सरळ आहे. दुकानात आज जे प्रकार मांडलेले दिसतात, पातळ, जाड, लांब, आखूड, पाठीला करवतीचे दाते असलेले, त्यातला प्रत्येक प्रकार कुठल्यातरी काळात कुणाच्यातरी गरजेतून आलेला आहे. ती गरज आपली आहे का, एवढं तपासलं की निम्मी निवड होऊन जाते.

मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत, हत्यार आणि अवजार. त्यांच्यातली रेघ काही फार पक्की नाही. सुतार, गवंडी आपल्या सामानाला हत्यारंच म्हणतात. पण आजच्यापुरती आपण ती रेघ ओढू. मारण्यासाठी किंवा धाक दाखवण्यासाठी असतं ते हत्यार, कामासाठी असतं ते अवजार. जंगलातल्या चाकूचा दोनशे वर्षांचा इतिहास हा या दोन कल्पनांच्या ओढाताणीचा इतिहास आहे, असं मला वाटतं.

सुरुवात अमेरिकेतून करू. १८२७ साली, मिसिसिपी नदीतल्या वाळूच्या बेटावर, नॅचेझ गावाजवळ, दोन माणसांचं द्वंद्व ठरलं होतं. ते दोघे बाजूलाच राहिले आणि त्यांच्या साथीदारांत मारामारी जुंपली. त्यात जिम बोवी नावाच्या माणसाने स्वतः जबर जखमी असताना मोठ्या सुऱ्याने प्रतिस्पर्ध्याला ठार केलं. वर्तमानपत्रांनी ही हकीकत उचलून धरली. पुढे १८३६ मध्ये टेक्सासातल्या आलामोच्या लढाईत बोवी मारला गेला आणि त्याच्या नावाची दंतकथाच झाली. 'बोवी नाइफ'ची मागणी एवढी वाढली की अटलांटिकच्या पलीकडे, इंग्लंडातल्या शेफील्डचे कारखाने ते बनवून अमेरिकेला पाठवायला लागले. दुसऱ्या बाजूने सरकारंही हलली. १८३७ मध्ये अलाबामा राज्याने या सुऱ्यांच्या विक्रीवर तब्बल १०० डॉलर कर लावला, १८३८ मध्ये टेनेसीने विक्रीच बंद केली.

म्हणजे बघा, लांब पातं, जाड पाठ, मुठीपुढे आडवी पट्टी हे जे रूप आज आपल्याला 'जंगली' वाटतं, ते माणसामाणसातल्या मारामारीतून गाजलं. ती आडवी पट्टी समोरच्याचा वार अडवण्यासाठी आणि भोसकताना हात पुढे सरकू नये म्हणून. चुलीसाठी काटक्या तासताना ती फक्त मध्ये मध्ये येते.

याच्या विरोधात पहिला ठळक आवाज आला तो एका किरकोळ अंगाच्या, पेशाने चांभारकाम करणाऱ्या माणसाचा. जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स. 'नेसमक' या टोपणनावाने तो 'फॉरेस्ट अँड स्ट्रीम' या नियतकालिकात लिहायचा. १८८४ मध्ये त्याचं 'वुडक्राफ्ट' हे छोटं पुस्तक आलं. हा माणूस वजनाच्या बाबतीत अतिशय काटेकोर. १८८३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉनडॅक डोंगरातली सरोवरं त्याने ज्या होडीतून पालथी घातली, तिचं वजन होतं साडेदहा पौंड, म्हणजे पाच किलोलाही कमी. तब्येत नाजूक होती, ओझं वाहणं शक्य नव्हतं. त्यामुळे प्रत्येक वस्तू कामाची आहे का, हे त्याला तपासावंच लागलं.

त्याने काय ठरवलं? तीन वस्तू. एक लहान दुधारी कुऱ्हाड, एक पातळ पात्याचा म्यानातला चाकू, आणि खिशातला मिटणारा चाकू. जड काम कुऱ्हाडीचं, मांस-मासे-भाकरीचं काम पातळ चाकूचं, बारीक कोरीव काम खिशातल्या चाकूचं. बाजारातले जाडजूड शिकारी सुरे त्याला बिलकूल पसंत नव्हते. मला या यादीत वस्तूंपेक्षा त्यांच्यातली कामाची वाटणी महत्त्वाची वाटते. ती लक्षात ठेवा, कारण ती पुढे परत परत भेटणार आहे.

त्यानंतरचा माणूस म्हणजे होरेस केपार्ट. हा ग्रंथपाल. सेंट लुईसच्या मर्कंटाइल लायब्ररीचा प्रमुख. नोकरी गेली, संसार विस्कटला, मन खचलं, आणि १९०४ मध्ये तो उत्तर कॅरोलायनातल्या ग्रेट स्मोकी डोंगरांत राहायला गेला. १९०६ मध्ये त्याचं कॅम्पिंगवरचं पुस्तक निघालं. पुढे १९१६-१७ मध्ये त्याची वाढवलेली दोन खंडांची आवृत्ती आली आणि ती आजही वाचली जाते. त्या डोंगरांचं राष्ट्रीय उद्यान व्हावं म्हणून तो झटला. १९३१ मध्ये मोटार अपघातात गेला, उद्यान झालं १९३४ मध्ये.

केपार्टने आपल्या चाकूचं वर्णन मापांसकट दिलं आहे. पातं साडेचार इंच, मूठही साडेचार इंच. म्हणजे प्रत्येकी साधारण साडेअकरा सेंटिमीटर. रुंदी एक इंच. पाठीची जाडी एक अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर. पोलाद मुठीच्या आतून पुढे गेलेलं आणि रिव्हेटने पक्कं केलेलं. मूठ लाकडाची, अंडाकृती, म्हणजे अंधारातही धार कुठल्या बाजूला आहे हे हाताला कळावं. मुठीपुढे आडवी पट्टी नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पोलादाला दिलेलं पाणी. आपले लोहार 'पाणी देणं' म्हणतात ना, तेच. केपार्टचं म्हणणं असं की, धार एवढी कडक हवी की ओलं टणक लाकूड कापावं, पण एवढीही कडक नको की हाडावर किंवा लाकडाच्या गाठीवर आदळली तर तिचा तुकडा उडावा. झालंच तर धार मुडपावी. मुडपलेली धार दगडावर दोन मिनिटांत सरळ होते. तुकडा उडालेली धार रानात दुरुस्त होत नाही. शंभर वर्षांनंतरही मजबुतीची यापेक्षा चांगली व्याख्या मला सापडलेली नाही. जी वस्तू बिघडली तर तुम्हाला तिथल्या तिथे सुधारता येते, ती मजबूत.

आता जरा उत्तरेला, युरोपात जाऊ. तिथे हा वाद झालाच नाही, कारण तिथे चाकू पहिल्यापासून अवजारच होता. स्वीडनमध्ये दालार्ना प्रांतात मोरा नावाचं गाव आहे आणि त्याला लागून एस्टनोर. १८९१ मध्ये फ्रॉस्ट एरिक एरसन नावाचा माणूस अमेरिकेत मजुरी करून गावी परतला. त्याने कारखाना काढला तो चाकूंचा नव्हे, बर्फावरून लाकडाचे ओंडके ओढणाऱ्या गाड्यांचा. या गाड्या बनवायला चाकू लागायचे, म्हणून तेही बनवायला सुरुवात केली. हळूहळू गाड्या मागे पडल्या आणि चाकूच राहिले. १९१२ मध्ये त्याच गावात एरिक्सन यांचा दुसरा कारखाना निघाला. २००५ मध्ये दोन्ही एकत्र आले. 'मोरा' म्हणून आपल्याकडच्या ट्रेकर मंडळींना जो स्वस्त, हलका चाकू माहीत आहे, तो हाच.

त्याचं पातं दोन-अडीच मिलिमीटर जाडीचं. बऱ्याच जुन्या मोरांत पोलाद तीन थरांचं असतं, मधे कडक आणि दोन्ही बाजूंना मऊ. मधला थर धार टिकवतो, बाजूचे थर पातं तुटू देत नाहीत. आणि धारेचा उतार रुंद आणि सपाट असतो. तो लाकडावर टेकवला की कोन आपोआप साधतो, आणि दगडावर टेकवला तरी साधतो. नवशिक्यालाही धार लावता येते.

शेजारच्या फिनलंडमध्ये 'पुक्को'. तोही लहान, बारीक. त्यात पोलादाची निमुळती शेपटी लाकडी मुठीच्या आत घुसवलेली असते, बाहेरून दिसत नाही. आज दुकानात तुम्हाला सांगतील की पोलाद मुठीच्या पूर्ण रुंदीने शेवटपर्यंत गेलेलं नसेल, म्हणजे 'फुल टँग' नसेल, तर चाकू कामाचा नाही. पण पिढ्यान् पिढ्या फिन शेतकरी, सुतार, शिकारी या लपलेल्या शेपटीच्या चाकूवर काम करत आले. मग तुटला कसा नाही? कारण ओंडके फोडायला त्यांच्याकडे कुऱ्हाड होती!

कुणी म्हणेल, मग मोठे सुरे काय सगळे दिखाऊ? नाही. फिनलंड-स्वीडन-नॉर्वेच्या अगदी उत्तरेला सामी लोक राहतात. त्यांच्याकडे 'लेऊकू' नावाचा मोठा, रुंद सुरा असतो. तिथली झाडं थंडीने खुरटलेली, बारीक बर्चची. त्यांना कुऱ्हाडीची गरज नाही, एक लांब जड पातं पुरतं. पण सामी माणूस लेऊकूबरोबर लहान चाकूही बाळगतो. नेपाळची खुकुरी बघा. तिच्या म्यानात पाठीमागे दोन छोटी पाती असतात. कर्दा बारीक कामाला, चकमक धार घासायला आणि ठिणगी पाडायला. म्हणजे मोठं पातं जिथे खरंच वापरात आहे, तिथेही ते एकटं नाही. कामाची वाटणी तिथेही आहेच.

आणि आपल्याकडे? कोकणात, सह्याद्रीत माणूस रानात जातो तेव्हा कमरेला आकडी असते आणि आकडीत कोयता. पातं पुढे वजनदार, टोक आत वळलेलं. त्या वळणाने फांदी धरून ओढता येते, आणि टोक दगडावर आपटून बोथट होत नाही. कवळ तोडा, काटेरी झुडूप बाजूला करा, नारळ सोला. पण मासळी साफ करायला, भाजी चिरायला घरी विळी आहे. गवताला, भाताला विळा आहे. आपल्या आज्या-पणज्यांना 'एकच सुरा सगळ्याला' ही कल्पनाच विचित्र वाटली असती.

मग ही कल्पना आली कुठून? दोन ठिकाणांहून, युद्धातून आणि सिनेमातून.

१९४२ मध्ये अमेरिकन मरीन सैनिकांसाठी सात इंची पात्याचा सुरा ठरवला गेला, जो पुढे 'काबार' नावाने प्रसिद्ध झाला. तो लढाईसाठी आणि कामासाठी असा दुहेरी होता. सैनिकाला पाठीवर कुऱ्हाड, करवत सगळं घेऊन फिरता येत नाही. त्यामुळे पेट्या उघडणं, डबे फोडणं, खड्डा खणणं हे सगळं एकाच सुऱ्यावर आलं. त्याच्या परिस्थितीत हे बरोबरच होतं. युद्ध संपल्यावर माणसं घरी आली, सुरेही आले, आणि कॅम्पिंगचा चाकू म्हणजे असाच असतो अशी समजूत रुजली.

मग १९८२. 'फर्स्ट ब्लड' हा सिनेमा. सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या हातातला सुरा जिमी लाइल या कारागिराने बनवलेला होता. पाठीला दाते, पोकळ मूठ, मुठीत काड्यापेटीच्या काड्या, दोरा, गळ. लाइलचं काम उत्तम होतं. पण त्याच्या स्वस्त नकलांनी जगभरचे बाजार भरून गेले. आता पोकळ मुठीचा विचार करा. मुठीत सामान ठेवायचं म्हणजे तिथे पोलाद ठेवता येत नाही. पातं मुठीला फक्त तोंडाशी जोडलेलं. तरफेचा नियम शाळेत शिकलोय आपण, सगळा ताण नेमका त्या सांध्यावर येतो. स्वस्त नकलेत तिथे एखादा खिळा नाहीतर पातळ डाग असतो. लाकडात अडकलेलं पातं हिसकलं की ते निघून येतं आणि हातात नुसती मूठ राहते. उरलेलं उघडं पातं कुठे जाईल ते सांगता येत नाही. रस्त्यापासून चार तास आत असताना हाताला खोल जखम होणं म्हणजे काय, हे ट्रेकर मंडळींना सांगायला नको.

याला उत्तर म्हणून बुशक्राफ्टची आजची पिढी उभी राहिली. १९८० च्या दशकात कॅनडाच्या मॉर्स कोचान्स्की यांनी 'नॉर्दर्न बुशक्राफ्ट' लिहिलं. त्यांचा भर साध्या, स्वस्त, लहान चाकूवर होता आणि उत्तरेच्या जंगलात मुख्य मान कुऱ्हाडीला. इंग्लंडचे रे मिअर्स यांनी ॲलन वूड या कारागिराकडून जो चाकू करवून घेतला, त्याचं पातं केपार्टच्याच मापाच्या आसपास, पण जाडी सुमारे ४ मिलिमीटर आणि पोलाद मुठीच्या शेवटपर्यंत. मिअर्स टीव्हीवर दिसले आणि हा नमुना जगभर पसरला.

जाडी का वाढली? कारण एक तंत्र लोकप्रिय झालं. चाकू लाकडाच्या तोंडावर ठेवायचा आणि पाठीवर सोट्याने ठोकून लाकूड फोडायचं. पावसाळ्यात वरचं लाकूड भिजलेलं असतं, आतलं कोरडं असतं, ते काढायला हे फार उपयोगी. कुऱ्हाड नसेल तर हाच मार्ग. पात्याची जाडी दुप्पट केली की वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो, हे यंत्रशास्त्रातलं साधं गणित. पण त्याची किंमत मोजावी लागते. वजन दुप्पट होतं, आणि जाड पातं कांदा कापत नाही, तो फोडतं. बारीक ढलप्या तासताना हात लवकर दमतो. आणि दमलेला हात घसरतो.

तेव्हा आता निवडीकडे येऊ. इतिहासाने आपल्याला काही प्रश्न दिले आहेत, ते क्रमाने विचारू.

पहिला प्रश्न, बरोबर दुसरं काय आहे? कोयता, छोटी कुऱ्हाड किंवा घडीची करवत असेल तर अडीच मिलिमीटरचा हलका चाकू भरपूर झाला, आणि लपलेली शेपटी चालेल. काहीच नसेल, आणि लाकूड फोडायची वेळ येणार असेल, तर तीन ते चार मिलिमीटर जाडी आणि पोलाद मुठीच्या शेवटपर्यंत गेलेलं हवं. चारच्या पुढे जायची गरज मला दिसत नाही.

दुसरा, लांबी. चार ते पाच इंच. तळहाताच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त. त्याहून लांब पात्याचं टोक हाताच्या ताब्यात राहत नाही.

तिसरा, पोलाद. साधं कार्बन पोलाद धारेला सोपं, पण गंजतं. स्टेनलेस १९१३ मध्ये शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली यांच्या हातून पुढे आलं. त्यात क्रोमियम असतं, ते गंज थोपवतं. कोकणातली हवा आणि आपला पावसाळा बघता नवशिक्याने स्टेनलेस घ्यावं. कार्बन घेतलंत तर रोज पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवायची तयारी ठेवा.

चौथा, मूठ आणि म्यान. ओल्या हातात मूठ फिरते का, ते बघा. दहा मिनिटं घट्ट धरून बघा, कुठे टोचतं का. म्यान उलटं केल्यावर चाकू खाली पडता कामा नये. याकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात, आणि पडल्या-घसरल्यावर इजा होते ती बऱ्याचदा इथूनच.

पाचवा, धार तुम्हाला स्वतःला लावता येते का? येत नसेल तर महागडं कडक पोलाद घेऊ नका. बोथट चाकूला जोर जास्त लावावा लागतो, आणि जोर लावताना तो सुटतो. बसून काम करताना पातं मांड्यांच्या मधे कधीही नको, तिथे मोठी रक्तवाहिनी आहे. बाजूला वळून काम करा.

आणि शेवटचा, कायदा काय म्हणतो? इथे आपली हत्यार-अवजाराची रेघ सरकारनेही ओढलेली आहे. शस्त्र कायद्याच्या वर्गवारीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाती येतात, घरगुती आणि शेतीची अवजारं वगळून. आपला चार-पाच इंची चाकू त्या मापात बसत नाही. पण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ हा जास्त कडक आहे. त्यात शस्त्राच्या व्याख्येतच चाकू आहे, आणि लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. हरिश्चंद्रगड, कळसूबाई, भीमाशंकर, ही आपली आवडती ठिकाणं अभयारण्यात मोडतात. तेव्हा जाण्याआधी वनखात्याकडे विचारा. विमानाने जात असाल तर चाकू हातातल्या बॅगेत नको. आणि परवानगी असो वा नसो, जिवंत झाडाला हात लावायचा नाही.

या सगळ्याचं सार मी असं काढीन. नेसमक, केपार्ट, मोरा गावचे कारागीर, फिन शेतकरी, आपला कोकणातला शेतकरी, यांच्यात काही ओळखपाळख नव्हती. पण रानात रोज काम करणारी ही माणसं जवळजवळ एकाच उत्तरावर पोचली. जड काम एका अवजाराला, बारीक काम दुसऱ्याला, आणि दोन्ही अशी की बिघडली तर स्वतःच्या हाताने सुधारता येतील. अवाढव्य सुरा निवडला तो प्रामुख्याने दोघांनी. एक सैनिक, ज्याच्यापुढे पर्याय नव्हता, आणि दुसरा प्रेक्षक, ज्याला रानात काय काम असतं हेच ठाऊक नव्हतं. तुम्ही दुकानात उभे राहाल तेव्हा आधी हे ठरवा की तुम्हाला तिकडे जाऊन करायचं काय आहे. चूल पेटवायची, भात शिजवायचा, दोन खुंट्या तासायच्या, एवढंच ना? मग तेवढ्यासाठीच चाकू घ्या, आणि उरलेल्या पैशांत धार लावायचा एक चांगला दगड घ्या.